आपलं आपण फिरणाऱ्यांनी मेडिटरेनियन क्रूझ करावी का? सोबत आई-बाबा आहेत

पायवाट (कोथरूड)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, सवडीने वाचा. आम्ही दोघं नवरा-बायको आजवर कधीच टूर कंपनीबरोबर गेलेलो नाही. तिकिटं आपण काढायची, राहायची जागा आपण शोधायची, एखादं गाव आवडलं तर पुढचं रद्द करून तिथेच मुक्काम वाढवायचा, अशीच सवय. हिमाचल सरकारी बसने, व्हिएतनाम ट्रेनने, स्पेनही ट्रेन आणि बसने असं केलंय. आता आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत आणि दोघांना युरोप बघायचाय. बाबा भोसरीच्या कारखान्यात मशीन मेंटेनन्सला होते, जहाज म्हटलं की अजून डोळे चमकतात. आईचं म्हणणं एवढंच की सगळे एकत्र असू दे.

अडचण म्हणजे आईचे गुडघे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते, मधे बसायला मिळालं तर आणखी थोडं, पण जिने आणि चढ नको. दर दोन दिवसांनी बॅगा भरून हॉटेल बदलणं तर शक्यच नाही. म्हणून भावाने सात रात्रींची मेडिटरेनियन क्रूझ सुचवली, खोली एकच आणि गावं आपल्याकडे येतात. गणपती झाले की सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरची सुरुवात असं डोक्यात आहे.

मला पटतंय आणि नाहीही पटत. चार-पाच हजार माणसं एका जहाजावर, सकाळी आठला सगळी एकदम खाली उतरणार, झेंडा धरलेल्या गाईडच्या मागे रोम उरकणार आणि सहाच्या आत परत वर. संध्याकाळ बघितल्याशिवाय गाव कळत नाही असं मला मनापासून वाटतं. तर ज्यांनी केलीय त्यांनी सांगा, जहाजाच्या टूर न घेता बंदरावर उतरून आपापलं फिरता येतं का, गुडघेवाल्या माणसाला कुठला रूट बरा, व्हिसाचं काय, आणि आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचे जेवणाचे हाल होणार का. "करू नका" असं मत असेल तर तेही कारणासकट लिहा, खरंच हवंय.

भाऊचा धक्का

आम्हीपण तुमच्यासारखेच, आणि सासू-सासऱ्यांना घेऊन वेस्टर्न मेडिटरेनियन केली, जहाजाची एकही टूर न घेता. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ हो. जहाज लागलं, उतरायची परवानगी मिळाली की कार्ड दाखवून बाहेर पडायचं, कुठे जाताय कोणी विचारत नाही. सुटायच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी परत चढायचं असतं, ती वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. लोक क्रूझ शोधताना जहाज बघतात, थिएटर केवढं, पूल किती, बाल्कनी आहे का. तुम्ही आधी बंदरांची यादी उघडा आणि प्रत्येक बंदरापुढे दोनच गोष्टी लिहा, जहाज तिथे किती ते किती वाजेपर्यंत आहे आणि धक्का गावापासून किती लांब आहे. तुमची ट्रिप कशी होणार ते या दोन गोष्टींवर ठरतं, बाकी सगळं नंतर. जाहिरातीत 'रोम' असतं पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किमी. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स ट्रेनने सव्वा-दीड तास, शिवाय बंदरातून चालत बाहेर पडता येत नाही, आधी शटल मग स्टेशनची बस. 'व्हेनिस' नीट तपासा. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा (हे जहाजाच्या आकाराचं माप) मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे मोठी जहाजं मार्गेरा, त्रिएस्ते नाहीतर थेट राव्हेन्नाला लागतात आणि राव्हेन्नाहून व्हेनिस म्हणजे बसने दोन-अडीच तास. आईंना घेऊन हे करू नका.

याउलट काही बंदरं अशी आहेत की उतरलं की गाव समोरच. नेपल्सला धक्क्यातून बाहेर आलं की समोर कास्तेल नुओव्हो किल्ला. पालेर्मोला तर शहराच्या पोटातच जहाज उभं राहतं. जेनोआला प्रिन्सिपे स्टेशन चालत गाठता येतं. माँटेनेग्रोतल्या कोटोरला धक्का आणि जुन्या गावाची वेस यांच्यामधे फक्त रस्ता. तिथला डोंगरावरचा किल्ला म्हणजे साधारण १३५० पायऱ्या, तो सोडून द्यायचा, खालचं गाव सपाट आहे.

आणि माझं सगळ्यात आवडतं व्हॅलेटा, माल्टा. ग्रँड हार्बरमधे जहाज शिरताना सगळ्यांना डेकवर न्या, झोप मोडावी लागली तरी. दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाच्या दगडाचे तट आणि बुरूज, आणि आपण त्यांच्या मधून हळूहळू आत. १५६५ साली तुर्कांनी याच बंदराला वेढा घातला होता, ते वाचून गेलात तर अंगावर काटा येतो. गाव उंचावर आहे पण धक्क्याजवळून बराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर वर थेट बागेत नेऊन सोडते, बागेत बाकं, खाली सगळं बंदर. दुपारी १२ ला आणि ४ ला तिथून तोफ उडवतात. आमच्या सासूबाई त्या बाकावरून उठायलाच तयार नव्हत्या आणि आम्हाला कुठे जायची घाई नव्हती. याला मी स्वतंत्र फिरणं म्हणते. जहाजाच्या टूरमधे ते बाक मिळालं नसतं.

तुमच्या बाबांसाठी एक खास. सिसिलीतलं मेसिना असलेला रूट मिळाला तर बघा. धक्क्यापासून थोडंसं चाललं की कॅथेड्रलचा चौक, आणि त्याच्या घंटाघरावर १९३३ साली बसवलेलं मोठं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी १२ ला सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, एकेक करून सोनेरी पुतळे फिरतात, बरीच मिनिटं चालतं. मेंटेनन्सवाल्या माणसाला याहून काय हवं. पावणेबारालाच जाऊन जागा धरा, सगळं जहाज तिथेच जमतं.

लाल डबा

मी विरोधात लिहितोय, पायवाट यांनी कारणासकट मागितलंय म्हणून सविस्तर.

संध्याकाळचा मुद्दा तुम्ही स्वतःच लिहिलाय आणि तोच खरा आहे. भूमध्य समुद्राकाठची गावं दुपारी तापतात, दुकानं बंद असतात, लोक घरात असतात. सहा-सात वाजले की आज्या खुर्च्या घेऊन दाराबाहेर बसतात, पोरं चौकात फुटबॉल खेळतात, जेवणं रात्री नऊला. नेमक्या त्याच वेळी तुमचं जहाज भोंगा वाजवून निघालेलं असतं. सात दिवसांत सहा बंदरं केली तरी एकाही गावाची संध्याकाळ तुमच्या वाट्याला येत नाही. आई-बाबांना मंडईपासून लक्ष्मी रोडपर्यंत संध्याकाळी फिरायला आवडत असेल तर हे त्यांनाही जाणवेल.

दुसरं गर्दीचं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर एका दिवसात इतके प्रवासी उतरायचे की २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीय. त्याच वर्षीच्या जुलैपासून ग्रीसने उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर कर लावला, सँटोरिनी आणि मिकोनोसला सीझनमधे माणशी २० युरो. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच जहाजं असा नियम केला. ही गावं उगाच दारं ओढून घेत नाहीयेत, सकाळी नऊला सगळे एका गल्लीत शिरतात आणि चारला सगळे गायब, गावाला त्यातून फार मिळत नाही. आपण स्वतःला टूरिस्ट न म्हणता प्रवासी म्हणवतो तेव्हा याचाही विचार करावा असं मला वाटतं.

मग गुडघ्यांचं काय? दोन मुक्काम करा, प्रत्येकी पाच-सहा रात्री, बास. उदाहरणार्थ अथेन्सला लिफ्ट असलेलं अपार्टमेंट, बुकिंग करताना लिफ्टबद्दल लेखी विचारून घ्या कारण तिकडच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते. मग पिरेअस या अथेन्सच्या बंदरातून मोठ्या फेरीबोटीने नॅक्सोस बेट, पाच-साडेपाच तास, आत लिफ्ट, सोफे, कॅफे, बाबांना डेकवर उभं राहायला मोकळी हवा. आणि समुद्रावर रात्र काढायचीच असेल तर नेपल्स ते पालेर्मो रात्रीची फेरीबोट आहे, केबिन मिळते, बाथरूमसकट, संध्याकाळी व्हेसुव्हियस ज्वालामुखी मागे पडताना बघायचा आणि सकाळी सिसिलीत उतरायचं. पिरेअस ते क्रीटसुद्धा तसंच. जहाजाची हौसही फिटते आणि गावंही बघून होतात.

आकडेमोड (सिंहगड रोड)

मतं सगळी बरोबरच आहेत, मी कागद आणि पैशाचं लिहितो, कारण बहुतेकांचं तिथे अडतं.

व्हिसा मल्टिपल एंट्रीच मागा. रूटमधे तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल तर शेंगेनमधून (एकच व्हिसा चालणारा युरोपातल्या देशांचा गट) बाहेर पडून पुन्हा आत येता, सिंगल एंट्रीवर ते चालत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमधे आलाय त्यामुळे दुब्रोव्हनिकचा प्रश्न मिटला, कोटोर मात्र माँटेनेग्रोत, शेंगेनच्या बाहेर. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना चालू शेंगेन व्हिसा असेल तर ऑनलाइन मिळतो. अर्ज कुठल्या देशाकडे, तर जिथे सगळ्यात जास्त दिवस तिथे, आणि समान असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्यांच्याकडे. क्रूझमधे हे गोंधळाचं होतं म्हणून चढायच्या गावात आधी दोन-तीन रात्री राहिलात तर अर्जही सोपा होतो. फी मोठ्या माणसाला ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तुम्ही लवकर करा, उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंट मिळत नाहीत. पुण्यात व्हिसा सेंटर आहे पण प्रत्येक देशाचा अर्ज इथे घेतीलच असं नाही, आधी त्या देशाच्या पानावर बघा नाहीतर आई-बाबांना घेऊन मुंबईला जावं लागेल. ज्यांनी मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरलेत त्यांना दोन वर्षांचा मल्टिपल मिळायची सोय २०२४ पासून भारतीयांसाठी आहे, तुम्हाला लागू पडत असेल तर बघा.

इन्शुरन्स शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा लागतो, पण ज्येष्ठांसाठी तेवढ्यावर थांबू नका. बीपी, शुगर जे काही आधीपासून आहे ते लिहून द्या आणि ते कव्हर होतंय ना ते पॉलिसीच्या कागदावर बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर नको. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो आणि तब्येत बिघडलीच तर पुढच्या बंदरावर उतरवतात, ते सगळं पॉलिसीत बसलं पाहिजे.

आता क्रूझचं जाहिरातीतलं भाडं म्हणजे सगळा खर्च नाही. सर्व्हिस चार्ज माणशी प्रत्येक रात्रीचा, कंपनीप्रमाणे साधारण १० ते २० युरो-डॉलरच्या घरात, चार माणसं सात रात्री हिशोब करून बघा. बऱ्याच युरोपियन जहाजांवर जेवणाच्या टेबलवर पाणीसुद्धा बाटलीचं आणि विकतचं, बुफेच्या मशीनचं फुकट. ड्रिंक पॅकेज घेऊ नका, आई-बाबा पिणार नाहीत आणि बऱ्याच कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यायला लावतात. फोन जहाजावर एअरप्लेन मोडवर म्हणजे एअरप्लेन मोडवरच, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल भयंकर येतं. बंदरावर युरोपचं ई-सिम चालतं. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना मिळतो पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते, आधीच बाजूला धरा.

आणि चढायच्या दिवशी सकाळी युरोपात उतरायचं असं विमान मुळीच घेऊ नका. पुण्याहून एक्स्प्रेसवेने मुंबई, तिथून विमान, मधे कुठेतरी बदल, यात एक जरी उशीर झाला तरी जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. किमान एक रात्र आधी पोचा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी मेसिनाचं घड्याळ दोनदा वाचायला लावलं. लाल डबा, तुमचा मुद्दा मला आतून पटतो, आणि एकट्या आम्हा दोघांचं असतं तर फेरीबोटीनेच गेलो असतो. पण आईला विचारलं तर ती म्हणाली, रोज संध्याकाळी आपल्याच खोलीत परत यायचं, आपलाच पलंग, आपल्याच जागी ठेवलेल्या गोळ्या, हे तिला हवंय. तिच्यासाठी तीच मोकळीक आहे. आणि या वेळी ट्रिप तिची आहे.

त्यामुळे बहुतेक वेस्टर्न बाजूची गोल फेरी, बार्सिलोनाहून चढायचं, आधी तिथे तीन रात्री, म्हणजे निदान एका गावाची संध्याकाळ मिळेल. अजून दोन शंका. रोम आईला जमेल का की सोडून द्यावं? आणि आपण आपलं फिरताना उशीर झाला आणि जहाज गेलं तर नेमकं काय होतं?

हापूस पेटी

मी रत्नागिरीचा, काही वर्षं मोठ्या जहाजांवर हॉटेल डिपार्टमेंटला काम केलंय, आता हिंजवडीला असतो. आतल्या बाजूचं सांगतो.

जहाज गेलं तर. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरावर पोचवायची सोय कंपनी करते, तुम्ही आपले गेलात तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत तुमच्या खर्चाने या. रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, तो कागद खिशात ठेवा, फोटो काढून ठेवा. काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात, तेव्हा रंगीत झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाची प्रत बरोबर हवीच. आणि जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधीकधी वेगळी असते, फोन आपोआप बदलतो आणि माणूस फसतो, म्हणून बाबांच्या हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

टेंडरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, गुडघ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. सँटोरिनी तसंच, फ्रान्समधलं व्हिलफ्रांश तसंच. बोट हलत असते, एक पाऊल हलत्या फळीवर टाकावं लागतं, दोन माणसं हात धरतात तरी गुडघ्याला भीती वाटते, आणि लाटा असतील तर व्हीलचेअरवाल्यांना उतरवत नाहीत. शिवाय सँटोरिनीला बोटीतून उतरल्यावर वर गावात जायला केबल कारची लांबच लांब रांग, नाहीतर जवळपास ५९० पायऱ्या. बुक करायच्या आधी प्रत्येक बंदरापुढे 'टेंडर' लिहिलंय का ते बघा. तुम्ही वेस्टर्न घेताय ते या दृष्टीने बरंय, तिकडे बहुतेक ठिकाणी जहाज धक्क्यालाच लागतं.

वाऱ्यामुळे एखादं बंदर रद्द होऊ शकतं, कॅप्टन ते सुरक्षिततेसाठीच करतो, तेव्हा तिथलं महागडं नॉन-रिफंडेबल तिकीट घेऊन बसू नका. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, हलणं तिथे कमी जाणवतं. लिफ्टजवळची मागा, तीनशे मीटरचं जहाज असतं, केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंतच आईंचं चालणं संपायला नको. जहाजाच्या व्हीलचेअर बहुतेक फक्त चढण्या-उतरण्यापुरत्या देतात, लागेल असं वाटत असेल तर घडीची हलकी स्वतःची न्या. सकाळी आठ ते नऊ लिफ्टना तुफान गर्दी, तुम्ही साडेनऊला उतरा, गावात तुम्हाला तसंही पूर्ण दिवस पळायचं नाहीये.

आणि बाबांसाठी, बऱ्याच जहाजांवर पैसे भरून 'पडद्यामागची' टूर असते, ब्रिज (जहाज चालवायची जागा), मुदपाकखाना, लाँड्री, काही ठिकाणी इंजिन कंट्रोल रूमसुद्धा. जागा थोड्या असतात, चढल्या दिवशीच रिसेप्शनला विचारा. हॉटेल डिपार्टमेंटला कोकणातली आणि गोव्याची पोरं भेटतील, मराठीत बोला त्यांच्याशी, महिनोन्‌महिने घरापासून लांब असतात, फार बरं वाटतं.

भाऊचा धक्का

हापूस पेटी यांनी टेंडरचं लिहिलं ते फार बरं झालं.

रोमबद्दल. जमेल, पण रोम 'करायचं' नाही, रोममधली एक जागा बघायची. जहाजापासून बंदराबाहेरच्या थांब्यापर्यंत फुकट शटल आहे, तिथून लोकल बसने चिवितावेक्किया स्टेशन. रोमला जाणारी रीजनल ट्रेन पकडा आणि टर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊ नका, त्याआधी रोमा सान पिएत्रोला उतरा, साधारण पाऊण ते एक तास. तिथून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटं चालत, किंवा आईंसाठी टॅक्सी. चौक, बॅसिलिका, मग कुठेतरी निवांत जेवण आणि परत. कोलोसियम सोडून द्या. त्या दिवशी वार कुठला ते बघा. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक सभा असते, चौकात खुर्च्या आणि प्रचंड गर्दी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. फ्लॉरेन्सची उफिझी आणि अकादेमिया ही म्युझियम सोमवारी बंद. परतीची ट्रेन अशी धरा की ती चुकली तरी पुढच्या दोन गाड्या हातात राहतील. आणि इटलीत ट्रेनचे संप होतात, ते आधी जाहीर होतात. संपाच्या दिवशी कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठराविक गाड्या चालवतात, म्हणजे तुमच्या परतीच्या नेमक्या वेळेला काही नाही. जायच्या आठवड्यात तपासा, संप असेल तर त्या दिवशी चिवितावेक्कियातच समुद्राकाठी फिरा, किंवा जहाजाची टूर घ्या, अशा दिवशी ती घेण्यात काहीही कमीपणा नाही.

नेपल्सला सगळे पॉम्पे, म्हणजे जुन्या रोमन शहराचे अवशेष, सांगतील. तुमच्या बाबांना न्या, आईंना नको, तिथले दगडी रस्ते उंचसखल आहेत आणि सर्कमव्हेसुव्हियाना ट्रेनला गर्दी आणि जिने. पर्याय म्हणजे नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम. पॉम्पेतून काढलेली बरीच मोझाइक, भिंतीवरची चित्रं तिथे आहेत, आणि बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रो लाइन १ ने थेट म्युझिओ स्टेशन. मंगळवारी बंद.

आणि एक, रोज सगळ्यांनी उतरलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे सासूबाई मार्सेयला खाली आल्याच नाहीत. जहाज रिकामं, डेकवर सावलीत खुर्ची, समोर बंदर. तुम्ही दोघं त्या दिवशी आपल्या पायांनी हवं तेवढं फिरून घ्या. मार्सेयचा धक्का तसाही गावापासून लांबच आहे.

वरण भात

जेवणाचं कोणी लिहिलंच नाही! बुकिंग करतानाच 'व्हेजिटेरियन, नो एग' लिहून द्या, जैन लागत असेल तर तसं, आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला प्रत्यक्ष भेटून सांगा. दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतात, त्यातून सांगून ठेवलं की बनवून देतात, किचनमधे बहुतेक वेळा भारतीय असतातच, डाळ-भात होतो. बुफेत पास्ता, पिझ्झा, सॅलड, फळं यावर कोणी उपाशी राहत नाही. कडक शाकाहारी असतील तर दोन गोष्टी, जेली आणि मूसमधे जिलेटिन असू शकतं, आणि खऱ्या पार्मेजान चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते) असतं. इटलीत पिझ्झा मरिनारा मागा, त्यात चीज नसतं. स्पेनमधे 'मांस नको' एवढं पुरत नाही, हॅम आणि ट्यूना वेगळं सांगावं लागतं. बार्सिलोनाच्या तीन रात्रींत भारतीय दुकानं भरपूर मिळतील.

इलेक्ट्रिक केटल आणि इस्त्री नेऊ नका, आग लागण्याच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात. सकाळी लवकर बुफेत गरम पाणी मिळतं, चहाची पूड, साखर, सुंठ घेऊन जा. खाकरे, चिवडा केबिनमधे चालतो, गावात उतरताना घरचं दुधाचं काही बरोबर नको.

लाल डबा

पायवाट, आईंचं म्हणणं वाचलं, त्याच्यापुढे माझा मुद्दा मी रेटणार नाही. एकच विनंती, रूट बघताना एखाद्या बंदरावर जहाज रात्री उशिरापर्यंत थांबतंय किंवा मुक्काम करतंय असं मिळालं तर दोन पैसे जास्त देऊन ते घ्या. काही कंपन्या असे रूट ठेवतात. आणि गावात उतरल्यावर धक्क्याशेजारच्या रांगेत न खाता दोन गल्ल्या आत जा, पैसे तिथल्या माणसाला मिळू देत.

हापूस पेटी

आईंना समुद्र लागतो का हे माहीत नसेल तर आधी मुंबईहून गोव्याची छोटी क्रूझ करून बघा, अंदाज येईल. डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन वगैरे जवळ ठेवा, मार्से ते बार्सिलोना पट्ट्यात मिस्ट्राल वारा सुटला तर जहाज मोठं असलं तरी हलतं. आणि नेपल्सहून मेसिनाकडे रात्री जात असाल तर वाटेत स्ट्रॉम्बोली लागतो, ज्वालामुखीचं बेट, हवा स्वच्छ असेल तर अंधारात वरून लाल ठिणग्या उडताना दिसतात. जहाज तिथून नेमकं किती वाजता जाणार ते रिसेप्शनला विचारा.

पायवाट

हे सगळं कॉपी करून ठेवलंय. बंदरांचा तक्ता केला, वेळ, अंतर, टेंडर आहे की नाही, आणि कुठला वार. दोन रूट उरलेत, एकात व्हॅलेटा आहे पण मेसिना नाही, दुसऱ्यात मेसिना आहे आणि व्हॅलेटाही, पण जहाज व्हॅलेटाला दुपारी एकला पोचतं. लिफ्ट, बाग हे दुपारनंतर जमेल का?

भाऊचा धक्का

आरामात जमेल, ४ ची तोफ मिळेल. दुसराच घ्या. फक्त मेसिनाला जहाज १० च्या आधी लागतंय ना ते बघून घ्या, नाहीतर १२ चं घड्याळ धावपळीत जाईल.